लेकरू घेऊन भाड्याच्या घरात जाताना: मालकाचं काम कुठलं, भाडेकरूचं कुठलं

लातूरला आम्ही भाड्यानं राहायचो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, म्हणून अंगणात जमिनीखाली हौद होता. त्यावर पत्रा, पत्र्यावर दगड. पाणी आलं की दगड बाजूला, पत्रा बाजूला, हौदात पाइप, आणि मी आत भांडी भरण्यात गुंतलेली. अशाच एका सकाळी माझी अडीच वर्षांची मुलगी हौदाच्या काठावर पालथी पडून आत हात घालत होती. समोरच्या मामींनी तिला बघितलं आणि पळत येऊन उचललं.

संध्याकाळी मी घरमालकांना म्हटलं, "काका, हौदाला नीट झाकण करून द्या ना." ते म्हणाले, "ताई, लेकरू तुमचं आहे, लक्ष तुम्हीच ठेवायला पाहिजे." मला वाटत होतं झाकण हे त्यांचं काम, त्यांना वाटत होतं लेकरू ही माझी जबाबदारी. त्या दोन वाटण्यांच्या मधे हौद आणखी चार महिने तसाच उघडा राहिला.

आज छत्रपती संभाजीनगरात आमचं स्वतःचं घर आहे आणि वरचा मजला भाड्यानं दिलेला आहे. दोन्ही बाजूंनी हा व्यवहार केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: कुठलं झाकण कोणी बसवायचं आणि ते कोणी लावायचं, हे टेम्पोतून सामान उतरण्याआधी ठरलं पाहिजे आणि कागदावर आलं पाहिजे. ते कसं करायचं, ते क्रमानं सांगते.

पायरी १: घर बघायला जाताना

भाडं आणि डिपॉझिट विचारण्याआधी विचारा, "पाणी किती दिवसांनी येतं आणि साठवता कशात?" आपल्याकडे लेकराला सगळ्यात मोठा धोका कुठे आहे, ते या एका उत्तरातून कळतं. जमलं तर पाणी येण्याच्या दिवशीच जा. कोणती झाकणं उघडी राहतात, मोटारीची वायर कुठून ओढतात, ओल्या फरशीवर कोण काय करतं, ते डोळ्यांनी दिसेल.

मग प्रत्येक खोलीत खाली बसा. लेकराच्या उंचीवरून बघितलं की उभ्यानं न दिसलेलं दिसायला लागतं: गुडघ्याच्या उंचीवरचा तुटका सॉकेट, खिडकीच्या खालच्या गजांमधली फट, मोरीच्या कोपऱ्यातली धारदार फरशी. बाथरूम-संडासाच्या दाराची आतली कडी कुठे आहे तेही बघा. ती खाली असेल तर दोन-तीन वर्षांचं पोर आत जाऊन लावून घेतं आणि काढता येत नाही म्हणून घाबरून जातं. कडी साडेचार-पाच फुटांवर सरकवायला सुताराला अर्धा तास पुरतो. मालकांना तेवढं आधीच सांगून टाका.

पायरी २: पाण्याची प्रत्येक जागा झाका

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देते. आपल्या मराठवाड्यात पाणी रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येक घर पाणी साठवतं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते लातूरकर विसरलेले नाहीत. तेव्हापासून तर हौद, सिंटेक्स टाकी, निळे ड्रम, बादल्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवायची सवयच लागली. लहान लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते बादलीत वाकलं आणि तोल गेला, तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही. बुडायला काही इंच पाणी पुरतं. बुडणारं लेकरू ओरडतही नाही, म्हणून "आवाज आला असता की" या भरवशावर राहू नका.

हौदासाठी काय करून घ्यायचं? झाकण बिजागरीचं, एकसंध आणि कडी-कुलूप लावता येईल असं हवं. पत्रा आणि दगड म्हणजे झाकण नव्हे. जाड चेकर्ड प्लेटचं, म्हणजे उठावाच्या नक्षीच्या लोखंडी पत्र्याचं झाकण कुठलाही फॅब्रिकेटर मापानं करून देतो. त्याला दोन गोष्टी मुद्दाम सांगा. पहिली, झाकणाच्या कडेला पाइप जाईल एवढी अर्धगोल खाच कापायची, म्हणजे पाणी भरतानाही झाकण बंद राहील. आमच्याकडचा प्रसंग नेमका पाइपमुळे झाकण उघडं राहिल्यानं घडला. दुसरी, झाकणाच्या खाली, हौदाच्या तोंडातच सळयांची जाळी वेगळ्या बिजागरीवर बसवायची, दोन सळयांत चार इंचांहून कमी अंतर ठेवून. कोणी झाकण लावायला विसरलं तरी लेकरू जाळीवर थांबतं. झाकण इतकं जड करू नका की घरातली बाई ते लावायचा कंटाळा करेल.

झाकण, जाळी, कडी आणि गंजलेली बिजागरी बदलणं हे मालकाचं काम. कुलूप लावणं, किल्ली वरच्या खिळ्याला अडकवणं, आणि झाकण उघडं असेपर्यंत तिथून न हलणं हे भाडेकरूचं. एकाच हौदावर दोन-तीन बिऱ्हाडं असतील तर "उघडेल तो लावेपर्यंत उभा राहील" असा नियम सगळ्यांनी मिळून करा. नळ आल्यावर सगळेच घाईत असतात, तेव्हा नेमका हा नियम उपयोगी पडतो.

ड्रम भाडेकरूचे असतात, म्हणून त्यांची काळजीही भाडेकरूची. फिरकीचं झाकण असलेलेच घ्या, रिकामा ड्रम पालथा ठेवा, आणि त्याच्याजवळ स्टूल, पाट किंवा उलटी बादली ठेवू नका, कारण लेकराला ती पायरीच असते. रात्री बादल्या रिकाम्या करणं पाण्याच्या टंचाईत जड जातं, हे मला माहीत आहे. मग निदान बाथरूमच्या दाराला बाहेरून वरची कडी लावा. घट्ट झाकलेल्या पाण्यात डेंग्यूचे डासही अंडी घालू शकत नाहीत, म्हणजे ही मेहनत दोन कामांना येते.

गच्चीवरच्या टाकीची शिडी, सेप्टिक टँकचं झाकण आणि अंगणातला कोरडा बोअर मालकानं बघायचे. बंद पडलेल्या बोअरच्या तोंडाला पोतं बांधून चालत नाही. उघड्या बोअरमध्ये मुलं पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये निर्देश दिले. वापरात नसलेला बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरून टाकायचा, आणि वापरातल्या बोअरला पक्कं झाकण बसवायचं. घर बघायला गेलात आणि अंगणात बोअरच्या केसिंग पाइपचं तोंड उघडं दिसलं, तर ते बंद झाल्याशिवाय राहायला जाऊ नका.

पायरी ३: गच्ची, जिना, खिडकी

उन्हाळ्यात आपली अर्धी वस्ती गच्चीवर झोपते. गावभागातल्या जुन्या माळवदांना कठडा गुडघ्याएवढा असतो, काहींना तोही नसतो. नव्या घरांची अडचण वेगळी. "पुढंमागं वरचा मजला चढवू" म्हणून कॉलमच्या सळया उघड्या सोडलेल्या असतात आणि जिन्याला रेलिंग बसवलेलंच नसतं. तो मजला कधी कधी दहा वर्षं चढत नाही, आणि तोवर एका पिढीची पोरं त्या जिन्यावरून धावत मोठी होतात.

कठडा किमान एक मीटर हवा, साडेतीन फूट असला तर उत्तम. रेलिंगला उभ्या सळया घ्या. आडव्या पट्ट्या दिसायला छान, पण लेकरू त्यावर पाय देऊन चढतं. दोन सळयांमधून लहान मुलाचं डोकं जाणार नाही असं अंतर ठेवा, म्हणजे पुन्हा चार इंचांच्या आत. उघड्या सळयांची टोकं वाकवून घ्या किंवा त्यावर जाड पाइपचे तुकडे घट्ट बसवा. हे सगळं बांधकाम आहे, त्यामुळे खर्च मालकाचा. गच्चीच्या दाराला वर कडी लावून ती रोज बंद ठेवणं भाडेकरूकडे. कठड्याला टेकवून बाज, कुंड्या किंवा कूलरचा स्टँड ठेवू नका. संक्रांतीच्या आठवड्यात मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पोरांना पतंग घेऊन वर सोडू नका.

खिडकीला ग्रिल असावंच, पण पूर्ण वेल्डिंग करून बंद केलेलं नको. घरात आग लागली तर बाहेर पडायला एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप हवी. तिची किल्ली मोठ्यांच्या हाताला येईल आणि लेकराच्या येणार नाही अशा ठिकाणी ठेवा. विजेच्या तारा गॅलरीच्या हाताच्या अंतरावरून जात असतील तर मालकांनी महावितरणकडे लेखी अर्ज करायचा. भाडेकरूनं तोवर त्या गॅलरीचं दार बंद ठेवायचं आणि तिथे लोखंडी काठीवर कपडे वाळत घालायचे नाहीत.

पायरी ४: वीज, आणि विशेष करून कूलर

गुढीपाडवा आला की माळ्यावरचा लोखंडी कूलर खाली येतो. लोखंडी अंग, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी, आणि जाळीला हात लावायला आलेलं उघड्या पायांचं लेकरू. घराचं अर्थिंग चालू नसेल तर पंपाची वायर सोलल्यावर सगळ्या कूलरमध्ये करंट उतरतो.

मालकानं दोन गोष्टी करायच्या. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यायचं, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा. अंगातून करंट जायला लागताच तो क्षणभरात वीज तोडतो. बोर्डात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो, माणसाला शॉक बसला म्हणून तो पडेलच असं नाही. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं आणि वीज जाते का बघायचं, हे भाडेकरूनं करावं. वीज गेली नाही तर त्याच दिवशी मालकांना कळवा.

कूलर भाडेकरूचा असेल तर हंगामाच्या सुरुवातीला त्याची वायर आणि पंप तपासून घ्या, थ्री-पिन प्लगच वापरा, आणि पाणी घालण्याआधी बटण बंद करण्यावर न थांबता प्लग काढून ठेवा. नळाच्या मोटारीलाही हेच लागू. टोकं उघडी करून सॉकेटमध्ये खोचलेल्या वायरीवर मोटार चालवू नका. हिवाळ्यात बादलीत पाणी तापवायचा रॉड लेकरू असलेल्या घरात न वापरलेलाच बरा. खालच्या सॉकेटना आतून झडप असलेले सॉकेट बसवून घ्या, फार खर्च येत नाही.

पायरी ५: स्वयंपाकघर, कपाटं, रंग, विंचू

गॅस भाडेकरूचा, त्यामुळे नळीवरची मुदत बघणं, रात्री रेग्युलेटर बंद करणं, शेगडी ओट्याच्या आतल्या बाजूला सरकवणं हे तुमच्याकडेच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीलगत साठतो, आणि लेकरू फरशीवरच असतं. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो बाहेरच्या मोकळ्या जागी हलवून देणं मालकाचं काम आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास ना रंग.

उंच कपाट आणि टीव्ही भिंतीला क्लॅम्पनं बांधा. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट आठवणाऱ्यांना हे पटवून सांगावं लागत नाही. पण भूकंपाशिवायही कपाटाचे खण उघडून त्यावर चढणारं लेकरू कपाट अंगावर घेतं. "भिंतीला भोक पाडू नका" ही मालकांची नेहमीची अट इथे आडवी येते. मी माझ्या भाडेकरूंना यासाठी लेखी परवानगी देते. चार भोकं पुट्टीनं बुजतात.

दारं-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइल पेंटचे पापुद्रे सुटत असतील तर नवीन रंग मागा. घरगुती रंगातल्या शिसं या विषारी धातूवर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच जास्त असू शकतं आणि लेकरं ते पापुद्रे तोंडात घालतात. खरवडताना पाणी मारून ओलं खरवडा, आणि त्या दिवशी लेकराला आजीकडे पाठवा.

पत्र्याच्या खोल्या आणि दगडी कंपाउंडच्या घरांत विंचू निघतात. भेगा बुजवणं आणि अंगणातला दगडविटांचा ढीग हलवणं मालकाचं काम. बाज भिंतीपासून लांब ठेवणं, चपला-बूट झटकून घालणं तुमचं. लेकराला विंचू चावला तर मंत्र-उतारा करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवतं हे ज्यांनी दाखवून दिलं, ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे.

पायरी ६: कायदा काय म्हणतो, तेवढं समजून घ्या

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ज्या शहरांना लागू आहे, तिथे कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूनं किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा अशी की वर्षभरात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिस्स्याहून जास्त होता कामा नये. भाडं महिना ८,००० असेल तर वर्षाचे ९६,०००, म्हणजे जास्तीत जास्त २४,०००. हौदाचं झाकण आणि आरसीसीबी यात सहज बसतात. पाणी, वीज, जिन्यातले दिवे यांसारख्या आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडायला कलम २९ मनाई करतं.

आता दोन मेखा आहेत. कलम १४ मधलं मालकाचं बंधन "भाडेकरूनं उलट करार केला नसेल तर" असं आहे. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टच्या तयार मसुद्यात बऱ्याचदा "सर्व दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी" असं वाक्य असतं. वाचून घ्या आणि ते खोडायला सांगा. दुसरी मेख मोठी. आपण अकरा महिन्यांचा जो लीव्ह अँड लायसन्स करार करतो, त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो आणि कलम १४ भाडेकरूबद्दल बोलतं. म्हणून तुमचं संरक्षण करारात लिहिलेल्या शब्दांवर उभं आहे.

कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक मंडळींनी हे नीट ध्यानात घ्यावं. निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हेही.

पायरी ७: करारात हे शब्द घाला

"हौद, टाकी, सेप्टिक टँक व बोअर यांची कुलूप लावता येणारी झाकणे, कठडे, रेलिंग, ग्रिल, अर्थिंग व आरसीसीबी सुस्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी राहील. यातील बिघाड लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवल्यापासून सात दिवसांत मालक दुरुस्ती करतील. न केल्यास राहणाऱ्याने ती करून बिलाची रक्कम पुढील भाड्यातून वळती करावी. झाकणे व दारे बंद ठेवणे, आरसीसीबीची मासिक चाचणी करणे व बिघाड दिसताच कळवणे ही राहणाऱ्याची जबाबदारी राहील. मुलांच्या सुरक्षिततेसाठी जाळी, क्लॅम्प, जिन्याचे छोटे फाटक बसवण्यास मालकाची संमती आहे. घर सोडताना जागा पूर्ववत करावी. या कारणासाठी डिपॉझिट कापले जाणार नाही."

मालकांना हे दाखवताना भांडणाचा सूर नको. "काका, माझ्या लेकराचं बघा, आणि उद्या तुमचा नातू सुट्टीत आला की तोही याच अंगणात खेळणार" असं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. मालक खालीच राहत असतील तर काकूंशी आधी बोला, हा माझा अनुभव.

पायरी ८: किल्ली हातात घेताना

मालक आणि तुम्ही दोघांनी मिळून घरभर फिरा आणि प्रत्येक झाकण, कठडा, बोर्ड यांचा फोटो काढा. आरसीसीबीचं बटण मालकांसमोरच दाबून बघा. फोटो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, खाली दोन ओळी लिहा: काय ठीक आहे, काय कधीपर्यंत होणार आहे. राहिलेलं काम लेकराच्या जिवाशी संबंधित असेल, तर सामान आणा पण लेकराला ते झाल्यावर आणा.

पायरी ९: सांगूनही होत नसेल तर

तोंडी आठवण एकदाच द्या. मग लिहा: "काका नमस्कार. अंगणातल्या हौदाच्या झाकणाची बिजागरी तुटली आहे, फोटो जोडला आहे. घरात तीन वर्षांचं मूल आहे. कृपया अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करून द्यावी. न झाल्यास करारातल्या अटीप्रमाणे मी करून घेईन आणि बिल पाठवीन." उत्तर नाही आलं तर हाच मजकूर स्पीड पोस्टानं, पोच घेऊन पाठवा. कलम १४ च्या आधारानं जाणाऱ्यानं त्यात १५ दिवसांची मुदत द्यावी. नोटिशीची मुदत संपेपर्यंत हौद उघडा ठेवू नका, तात्पुरती प्लेट आणि कुलूप स्वतःच्या पैशानं त्याच दिवशी लावा. बिल पक्कं घ्या आणि भाडं पूर्ण थांबवू नका. नाही तर झाकणाचा विषय मागे पडतो आणि थकबाकीचा पुढे येतो.

मालकांनाही हक्क आहे: आधी कळवून, वाजवी वेळी घर बघायला येण्याचा. भाडेकरूनं त्याला आडकाठी करू नये. मी वर्षातून दोनदा जाते, पाडव्याआधी वीज बघायला आणि मृगाआधी गच्ची, गळती आणि कठडे बघायला.

दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत नंबर लिहून ठेवा: कुठल्याही संकटात ११२, रुग्णवाहिका १०८, गॅसगळती १९०६, महावितरण १९१२, मुलांसाठी १०९८. खाली मालकांचा आणि शेजारच्यांचा.

घर सोडताना

तुम्ही बसवलेली जाळी आणि फाटक काढून नेऊ शकता, भोकं बुजवून जागा होती तशी करून द्या. हौदाचं कुलूप मात्र तसंच लावून किल्ली मालकांच्या हातात द्या. नवीन बिऱ्हाड येईपर्यंत त्या अंगणात शेजारची लेकरं खेळतच असतात.